काहिलीतलं खारं तळं

मी हवामानाच्या कचेरीत निरीक्षक होतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं कोणत्या पट्टीने मोजायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पारा किती चढला, वारा कुठून आला, पाऊस किती पडला, हे सगळं दिवसभर दशांश चिन्हासकट खरं लिहायचं. अशा नोकरीत माणसाच्या पोटात खोटं साचत जातं. ते संध्याकाळी कुठेतरी सोडून द्यावं लागतं, नाहीतर बांध फुटतो. मी ते शिवाजीनगरहून हडपसरला जाणाऱ्या बसमध्ये सोडत असे. पुलगेटला उतरायची माणसं गोष्ट अर्धी राहिली म्हणून थेट हडपसरच्या गाडीतळापर्यंत यायची, आणि मग दुसरं तिकीट काढून उलट्या बसने घरी जायची. माझ्यामुळे त्या मार्गावर जादा गाडी सोडावी लागली, असं मी सांगत असे. ते खोटं होतं हे आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही.

अशा माणसाला सरकारने अरबी समुद्रातल्या एका बेटावर नेमलं. वाघाला शेळ्यांच्या कळपात सोडावं तसं ते झालं. बेट एवढंसं की पश्चिमेच्या किनाऱ्यावर शिंकलं की पूर्वेच्या किनाऱ्यावरून कुणीतरी आयुष्मान व्हा म्हणायचं. मुदत संपवून पुण्यात परतलो तेव्हा मी नुसता परतलो नव्हतो, भरून आलो होतो. बेटावरचे खेकडे माडावर चढून नारळ पाडतात आणि मग रात्रपाळीच्या निरीक्षकाचं दार वाजवून कोयता मागतात, हे मी पहिल्याच आठवड्यात बसमध्ये सांगून टाकलं. तिथला वारा एवढा की हजेरीपटावरची माझी सही उडून दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसली, आणि त्याला माझा पगार मिळाला. लोक हसले. लोकांना पटलंही असावं.

एक गोष्ट मात्र मी सांगितली आणि सगळी बस खो-खो हसली. नेमकी तीच अक्षरन् अक्षर खरी होती.

त्या बेटाच्या मधोमध एक तळं होतं. भूगोलाच्या पुस्तकात अशा पाण्याला खारकच्छ म्हणतात, पण खारकच्छाला समुद्राकडे एखादं तोंड असतं. याला नव्हतं. पूर्वी असावं. कधीतरी मोठ्या वादळाने प्रवाळाचे दगडगोटे आणून ते तोंड बुजवून टाकलं, त्यावर वाळू आली, वाळूवर केवडा आला, केवड्यावर माड आले, आणि समुद्राचा तो तुकडा जमिनीच्या कुशीत कोंडला गेला. चारी बाजूंनी केवड्याची दाट बनं, त्यांच्या मुळ्या काठाच्या काळ्या चिखलात उतरलेल्या. पाण्याचा रंग ताकात पालक घातल्यासारखा. तिथे ना लाट, ना आवाज. समुद्र पलीकडे खडकावर डोकं आपटत असायचा आणि हे पाणी दुपारची झोप काढत असल्यासारखं पडलेलं असायचं. पण समुद्राला भरती आली की काही वेळाने या कोंडलेल्या पाण्यालाही भरती यायची. ओहोटी लागली की हेही उतरायचं. जरा मागाहून, घरातला धाकटा मुलगा थोरल्याच्या मागून निघतो तसं. आणि पाऊस पडून गेला की ओंजळीने वरचं पाणी घ्यावं तर गोड लागायचं, आणि हात कोपरापर्यंत खाली घालून घ्यावं तर खारट. पहिल्यांदा ते प्यायलो तेव्हा मी एकटाच उभा राहून मोठ्याने म्हणालो होतो, हे पुण्यात कोणी मानणार नाही.

झालंही तसंच.

बसमध्ये ती बसायची, म्हणजे जिच्याशी मला लग्न करायचं होतं ती. आमच्याच कचेरीत आलेखांच्या विभागात होती, शनिपाराच्या बाजूला राहायची, तरी उलट्या वाटेच्या या बसमध्ये चढायची, आणि माझी गोष्ट ऐकताना हसायची नाही. खेकड्याची गोष्ट संपल्यावर तिने एवढंच विचारलं, “कोयता परत आणून द्यायचे का?” त्या क्षणी माझा निकाल लागला. पुढे आम्ही दोघांनी ठरवलं, आणि तिने मला घरी बोलावलं. वडिलांना भेटायला.

वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. उभी नोकरी कालव्यांवर गेलेली. माणूस असा सरळ बसायचा की भिंतीने त्यांना टेकावं. मी हडपसरच्या मळ्यातल्या माणसाचा मुलगा, ते पेठेतले. जिन्यात शेजाऱ्यांच्या कपाळांवर जी आठी होती ती मात्र त्यांच्या कपाळावर नव्हती. त्यांची आठी वेगळी होती.

“आमची मुलगी म्हणते आपण हुशार आहात,” ते म्हणाले. “बसमधले लोक म्हणतात आपण थापाडे आहात. दोन्ही एकाच माणसाला जमू शकतं. माझी हरकत फक्त दुसऱ्याला आहे.”

मी नम्रपणे मान खाली घातली. त्याची मला सवय नसल्यामुळे मान जरा जास्तच खाली गेली.

मग त्यांनी शांतपणे सांगितलं की खेकड्यांचा त्यांचा अभ्यास नाही, तेव्हा खेकड्यांबद्दल ते काही बोलणार नाहीत. वाऱ्याबद्दल हवामानवाल्यांनी काय ते पाहावं. पण पाण्यात त्यांची हयात गेली होती. चारी बाजूंनी बंद असलेल्या पाण्याला भरती येते असं कोणी म्हणत असेल, तर तो माणूस त्यांच्याच घरात बसून त्यांच्याच विषयात खोटं बोलतो आहे. पाणी वाटेशिवाय जात नाही.

“एखादा ओढा? चर?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग भरती नाही. आहे म्हणत असाल तर दाखवा. दाखवलंत तर पुढची बोलणी करू. नाही दाखवलंत तर मुलगी सज्ञान आहे, मी आडवा येणार नाही. जावयाला पानावर वाढीन. बोलणार नाही.”

तिने मला जिन्यापर्यंत सोडलं आणि तिथे जे सांगितलं ते वडिलांच्या अटीपेक्षा अवघड होतं. पानावर समोरासमोर गप्प बसलेले दोन पुरुष ती जन्मभर पाहू शकणार नव्हती. वडील बोलले नाहीत तर लग्न नाही. तिने हे रडून सांगितलं असतं तर मी काहीतरी थाप मारून वेळ निभावली असती. पण तिने ते आलेख काढल्यासारखं सांगितलं, सरळ रेषेत.

तरीही जिना उतरताना मी शीळ वाजवत होतो. शंभर थापांच्या राशीत हात घालून त्या गृहस्थाने नेमकी खरी गोष्ट बाहेर काढली होती. खेकड्याचं विचारलं असतं तर मी मेलोच होतो.

आता बेट काही पुण्याला आणता येत नव्हतं, आणि अभियंत्यांना बोटीत घालून नेण्याइतकी माझी ऐपत आणि त्यांची हौस, दोन्ही नव्हत्या. तेव्हा बेट हडपसरला बांधायचं ठरलं.

आमच्या काकांचं गुऱ्हाळ होतं. तेव्हा हडपसरच्या पुढे उसाचे मळे होते. आज तिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि आत बसलेल्या मुलांना आपल्या खुर्चीखाली ऊस होता हे सांगितलं तर ती मलाच थापाडा म्हणतील. काका म्हणजे हात लावतील ते काम नेटकं करणारा माणूस. त्यांनी बांधलेल्या हौदातून पाणी गळालं तर सूर्य थबकेल, अशी त्यांची कीर्ती. त्यांच्याकडे गुळाची एक जुनी, ठिगळं लावलेली काहील पडून होती. काहील म्हणजे उसाचा रस उकळायची लोखंडी कढई, पण अशी की तिच्यात म्हैस आडवी झोपली तरी शेपटीला जागा उरावी. मी म्हणालो, हा माझा समुद्र.

काकांना सगळं समजावून सांगितलं. काहिलीच्या मधोमध वीटभट्टीवरचे जळके, भोकाभोकांचे तुकडे रचून गोल बेट करायचं, कारण प्रवाळाचा खडकही असाच आतून पोकळ, स्पंजासारखा असतो. वर वाळू. मधोमध खळगा, तेच तळं. बाहेरच्या पाण्यात खडेमीठ विरघळवायचं. विहिरीवरचं इंजिन चालू करून पाणी वाढवलं की भरती, नळीने काढलं की ओहोटी. आतलं पाणी आपोआप तुकड्यांच्या भोकांतून वरखाली होईल.

काकांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला. “गुळाच्या काहिलीत मीठ घालनार तू?”

“घालणार.”

“लगीन करायचंय तुला का सूड उगवायचाय?”

पण त्यांनी काहील दिली. जळके तुकडे स्वतःच्या बैलगाडीतून आणले. मी कचेरीतून यायचो आणि आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत समुद्रात बसून बेट रचायचो. येणारेजाणारे विचारायचे, काय चाललंय, आणि काका उत्तर द्यायचे, “सोयरीक.”

रविवारी पाहुणे येणार होते. शनिवारी मला कचेरीत थांबावं लागलं, आणि रविवारी सकाळी मी पोचलो तेव्हा काकांनी सगळ्या बेटावर पांढरंशुभ्र धोतर पसरून ठेवलं होतं. हात लावू देईनात. पाहुण्यांसमोरच उघडायचं म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर नवऱ्यामुलाच्या आईसारखं तेज होतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी त्या दिवशी खरं बोलणार होतो, आणि त्या नवलाईत मला दुसरं काही सुचत नव्हतं.

अभियंते आले. पांढरा शर्ट, छत्री, चपला. मागे ती. गुऱ्हाळाच्या आवारात अर्धा गाव जमलेला, कारण सोयरीक काहिलीत ठरते हे गावाने कधी पाहिलं नव्हतं. काकांनी धोतर ओढलं.

बेट देखणं झालं होतं. वाळू चाळणीने चाळून पसरलेली. काठाला मक्याची रोपं माडांसारखी खोचलेली. आणि मधला खळगा गुळगुळीत, आकाशी रंगाने रंगवलेला, अर्ध्यापर्यंत पाण्याने भरलेला, त्यात कण्हेरीचं एक फूल तरंगत होतं. बेटावरचं ते ताकपालकाचं तळं या तळ्याच्या पासंगालाही पुरलं नसतं.

मी इंजिन चालू करायला सांगितलं. समुद्र चढू लागला. चढला, आणखी चढला, मक्याच्या माडांच्या बुंध्यांना लागला. तळं जागचं हललं नाही. कण्हेरीचं फूल होतं तिथेच.

“बेटावरही उशीर लागतो,” मी म्हणालो.

ते खरं होतं. पण माझ्या तोंडून आलं की खरंसुद्धा खोट्याचे कपडे घालून येतं. अभियंते छत्री टेकवून उभे राहिले. मी केवड्याबद्दल बोललो, वादळाबद्दल बोललो, प्रवाळ एकावर एक मरून बेट कसं होतं ते बोललो. समुद्र काठ ओलांडून आवारात सांडायला लागला, इंजिन बंद करावं लागलं. फूल तिथेच. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली, आपल्या पावलांपाशी आलेल्या पाण्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा मला सांगायला गोष्ट सुचेना.

अभियंत्यांना तेवढ्यावर निघून जाता आलं असतं. जिंकलेच होते ते. उलट त्यांनी छत्री तिच्या हातात दिली, वाकले, आणि तळ्याच्या काठावर बोटाच्या पेराने टकटक केलं. पुन्हा केलं. दार वाजवावं तसं.

“हे सिमेंट कुणी केलं?”

काका पुढे झाले. त्यांना वाटलं कौतुक निघालं. काल दुपारी खळग्यात पाणी घालून पाहिलं, तर ते सगळं झिरपून गेलं, असं त्यांनी सांगितलं. पोरगं कचेरीत बसून काम करणारं, त्याला हौद काय कळणार. मग त्यांनी स्वतः आतून गिलावा केला, वर सिमेंट घोटलं, रंग दिला.

“सोयरं घरी येनार, आन् आमचा हौद गळनार व्हय?” काका म्हणाले. “थेंब गळायचा न्हाई आता. बघा तुमी.”

अभियंत्यांनी घोटलेल्या काठावरून पुन्हा बोट फिरवलं.

“फारच उत्तम काम आहे,” ते म्हणाले. “एवढं घोटलेलं सिमेंट मला कालव्यावर मिळालं असतं तर मी लवकर निवृत्त झालो असतो. पहार आहे का?”

“कशाला?”

“फोडायला.”

काकांनी साफ नकार दिला. पाहुणे दारात उभे असताना भरलेला हौद फोडणं त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. ते अपशकुनी होतं, आणि शिवाय सिमेंट चांगलं बसलं होतं. मी विनवलं, गावातल्या चारचौघांनी समजावलं, काका काहिलीसमोर हात पसरून उभे. शेवटी अभियंत्यांनी चपला काढल्या. पँटच्या पायघोळ कडा नीट, सारख्या रुंदीच्या घड्या घालत गुडघ्यापर्यंत वर घेतल्या. मग ते काकांच्या अगदी जवळ गेले आणि हलक्या आवाजात बोलले. मी शेजारी होतो म्हणून ऐकू आलं.

“मी जन्मभर दुसऱ्यांच्या गळत्या बुजवल्या आहेत. आज ही एक मला पाडू द्या. मी हरलो तर नीट हरेन. सिमेंटमुळे जिंकलो असं मला चालणार नाही.”

काका बाजूला झाले. पहार त्यांनी स्वतः आणून दिली, आणि तोंड फिरवून उभे राहिले.

पेठेतला तो सरळ माणूस मिठाच्या पाण्यात गुडघाभर उतरला आणि आकाशी तळ्याच्या बुडावर पहार घातली. पहिला घाव, दुसरा घाव. काकांचं सिमेंट बैलासारखं चिवट. तिसऱ्या घावाला बूड फुटलं. आतलं पाणी जरा खदखदलं, कण्हेरीचं फूल गोल फिरलं, आणि हळूहळू, कुणाच्या लक्षात येईल न येईल असं, तळं वर चढू लागलं. समुद्राच्या पातळीला आलं आणि थांबलं.

अभियंत्यांनी ओहोटी करा म्हटलं. नळी लावून समुद्र उतरवला. तळं क्षणभर तसंच राहिलं, जणू विचार करतंय, आणि मग मागोमाग उतरलं. पुन्हा भरती. पुन्हा ओहोटी. इंजिनवाल्याला ते स्वतः हुकूम देऊ लागले. मग ती पुढे आली. फुलझाडांना पाणी घालायची झारी तिने कुठूनशी आणली होती, आणि तळ्यावर तिने अगदी हळुवार, वाऱ्याशिवायचा पाऊस पाडला. थोडं थांबली. वरचं पाणी चमच्याने काढून वडिलांपुढे धरलं. ते गोड होतं. मग चमचा खोल घालून खालचं दिलं. त्यांनी ते तोंडात धरलं, गिळलं, आणि रुमालाने ओठ टिपले.

“मीठ सढळ आहे,” ते म्हणाले.

मग ते पाण्यातच, काहिलीच्या कडेवर बसले. बराच वेळ ते काठाच्या जळक्या तुकड्यांवर तळहात ठेवून होते. कालव्याच्या भिंतीतून पाणी पाझरतं, त्याच्याशी त्यांनी उभी नोकरी भांडण केलं होतं. पाझर म्हणजे चोर, असंच ते मानत आले होते. आणि इथे तोच चोर एका कोंडलेल्या तळ्याला रोज समुद्राची खबर पोचवत होता. हे ते माझ्याशी बोलले नाहीत, त्या तुकड्यांशी बोलले, पण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

गर्दीत एक म्हातारा होता, कुणाच्याही लग्नात खोड काढणारा. तो म्हणाला, “खालनं पाइप घातला आसंल. ह्या पोराचं काय खरं धरता?”

अभियंते उठले. पाण्यातून चालत त्या म्हाताऱ्यासमोर गेले. पँटमधून मिठाचं पाणी निथळत होतं.

“पाइप असता तर मला दिसला असता. मी पाहिलंय, आणि बेटावरचं आमच्या जावयांनी पाहिलंय. आपल्याला शंका असेल तर आधी हात धुवा आणि मग बोट बुडवा.”

जावई हा शब्द आवारभर पसरला. काकांनी तोंड पुन्हा आमच्याकडे वळवलं. तिने हातातली छत्री उघडली, ऊन होतं तरी, आणि तिच्याआड तोंड लपवून हसली. मला आठवतं, कुणीतरी गुळाची ढेप फोडली आणि पहिला खडा सासऱ्यांच्या हातात दिला, आणि खारट झालेल्या तोंडात तो त्यांनी टाकला तेव्हा त्या माणसाच्या कपाळावर एकही आठी नव्हती.

त्यानंतर संध्याकाळ होईपर्यंत ते काहिलीपासून हलले नाहीत. शेजारच्या मळ्यांतून नवनवी माणसं येत राहिली आणि प्रत्येकाला ते बेट समजावत राहिले. वादळाने तोंड कसं बुजवलं, केवडा कुठे उगवला, पावसाचं पाणी वर का तरंगतं. मी पाहिलेलं तळं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसू लागलं होतं. एका पैलवानाला त्यांनी सांगितलं की त्या बेटावरचं पाणी भरतीला पुरुषभर चढतं.

ते फार तर वीतभर चढायचं. मी तोंड उघडलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी गुळाचा खडा तोंडात टाकला. लग्नाआधी सासऱ्यांची दुरुस्ती करणं बरं दिसत नाही.